दुसरी ओळ, तिसरी जागा

बाबांनी ती वही माझ्याकडे दिली तेव्हा त्यांना चार शब्द सलग बोलतानाही धाप लागत होती. निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही, शाळेतली मुलं वापरतात तशी. "हे वाचून ठेव," ते म्हणाले. मग जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "वाचता येईन ना तुले?"

मला ते लागलं. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली आहेत. उदईनं खाल्लेली पानं, पुसट शाई, प्राध्यापकांची अक्षरं, सगळं मला वाचता येतं. "तुमचं अक्षर मला नाही वाचता येणार तर कोणाला येईल, बाबा?"

"अक्षर तं सोपं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. एप्रिल महिना होता. वही मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि दोन महिने तिला हात लावला नाही.

बाबा विणकराच्या घरातले. तांडापेठेतल्या आमच्या घरी आजोबांचा खड्ड्यातला माग होता, त्यावर लुगडी निघत. मागावर दोन भावांचं पोट भरेना म्हणून बाबांनी एकाहत्तर साली हिरडीच्या मनोरुग्णालयात नोकरी धरली. शहराच्या पूर्वेला, कुहीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते जुनं दवाखान्याचं आवार आहे. तिथे रुग्णांसाठी विणकामाची शेड होती. आठ माग, चादरी आणि टॉवेल. बाबा तिथे शिकवायचे. रुग्ण त्यांना मास्तर म्हणत, बाकी सगळे भैयाजी.

त्या आवाराच्या मागे दफनभूमी होती. ज्यांना घेऊन जायला कोणी येत नसे त्यांच्यासाठी. मेलेल्यांना पुरून घेण्याचं हे काम कोणाच्याच नेमणुकीत नव्हतं, म्हणून ते हळूहळू बाबांकडे आलं. घरी त्याबद्दल एक अक्षर नाही. कधीकधी मात्र ते संध्याकाळी दारातून आत न येता परसात जायचे, आई न विचारता गरम पाण्याची बादली बाहेर ठेवायची, आणि त्या दिवशी ते डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवत नसत. मला वाटे, शेडमधल्या सुताची धूळ असेल. मी हुशार मुलगी होते. पुस्तकातलं सगळं मला कळायचं.

दवाखाना अकरा वर्षांपूर्वी बंद झाला. रुग्ण दुसरीकडे हलवले, इमारतींना कुलपं लागली, दफनभूमीत घाणेरी माजली. थडग्यांवरच्या लोखंडी पाट्या भंगारात गेल्या. अश्विन पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा हे सगळं त्यानंच सांगितलं. तो शहरातल्याच जरीपटक्याचा, पस्तिशीचा, जुन्या इमारती दुरुस्त करणारा वास्तुविशारद. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी खेटे घालून परवानगी मिळवली होती, झुडपं काढली होती, आणि खाली विटांच्या चौकटी सापडल्या होत्या. अकरा ओळी. पण कुठल्या चौकटीत कोण, हे कुठेच नव्हतं. ऑफिसच्या रजिस्टरात मृत्यूच्या तारखा होत्या, जागा नव्हत्या.

"तिथले चौकीदार, गोविंदाकाका म्हणाले, भैयाजींनी काहीतरी लिहिलेलं आहे," तो म्हणाला.

मग मी पिशवी उघडली.

वहीत एकशे एक्कावन्न माणसं होती. ओळ, जागा, नाव, तारीख, आणि कुठे कुठे एखादं वाक्य. "पहिली ओळ, नववी. यशोदा. गाव सांगत नसे. टॉवेल उत्तम विणायची." "तिसरी ओळ, पाचवी. हबीब. तोंड पश्चिमेकडे केलं." एका ओळीत चौदा, शेवटच्या ओळीत अकरा. बहात्तर सालापासून नव्व्याण्णवपर्यंत. घरी वाचलं त्यापेक्षा कितीतरी जास्त मी त्या दफनभूमीत उभी राहून वाचलं. मी वाचत जायची, अश्विन आणि त्याचे मित्र खुंट्या ठोकत जायचे. फाटकातून आत शिरलं की पहिली ओळ, डावीकडून पहिली जागा. मग दुसरी ओळ, डावीकडून पहिली. खरं सांगायचं तर बाबा गेल्यानंतरचे ते माझे सगळ्यात बरे दिवस होते. बाबा बोलत होते आणि मी मोठ्यानं वाचत होते.

जुलैच्या शेवटी वर्तमानपत्रात नावांची यादी छापून आली. पाच-सहा घरची माणसं आली. सगळ्यात आधी सिंधूताई आल्या.

कुहीजवळच्या एका खेड्यातल्या. साठीला टेकलेल्या, अंगानं किरकोळ, पांढरं स्वच्छ लुगडं, कपाळ मोकळं. आल्या त्याच थेट अश्विनसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "जयवंता माही माय होय. कोठी आहे?"

त्या आठ वर्षांच्या असताना आईला इथे आणलं होतं. धाकटं मूल गेल्यावर ती जेवेना, रात्री बांधावरून चालत सुटे. बापानं पोरांना सांगितलं, माय मामाकडे गेली. तीन वर्षांनी ती वारली. तेही बापानं सांगितलं नाही, म्हाताऱ्या आत्यानं मरताना सांगितलं. कुठे पुरलं ते आत्यालाही ठाऊक नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं सिंधूताईंना मेणबत्ती लावायला जागा नव्हती.

मी वही उघडली. "दुसरी ओळ, तिसरी. जयवंता. कुहीकडची. मुलीचं नाव घ्यायची."

त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग मी त्यांना घेऊन दुसऱ्या ओळीत गेले, डावीकडून एक, दोन, तीन मोजलं आणि बोट दाखवलं.

त्यानंतर दर पौर्णिमेला त्या आल्या. साडेदहाच्या एसटीनं उतरायच्या. शेतातले गुळगुळीत दगड आणून त्यांनी ते चुन्यानं रंगवले आणि चौकटीभोवती लावले. शेवंती लावली, ती जगवायला गोविंदाकाकांना दटावून ठेवलं. आणि बसून बोलायच्या. त्रिशरण म्हणून झालं की मेणबत्ती लावायची आणि मग घरातलं सगळं, अगदी हळू आवाजात, तासभर. जाताना माझा हात धरायच्या. "तुमच्या बाबानं लिहून ठेवलं, तुमी वाचलं, म्हणून मले माय भेटली." एकदा पायाला हात लावायला वाकल्या तेव्हा मी दचकून मागे सरले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आदरांजलीचा कार्यक्रम ठरला. ग्रॅनाइटच्या लहान पाट्या तयार होऊन आल्या. पहिल्या पाच ओळींच्या सिमेंटनं बसवूनही झाल्या. बाबांनी लिहिलेली काही वाक्यं मी कार्यक्रमात वाचावीत, असं अश्विनचं म्हणणं होतं. कुठली वाचायची ते ठरवायला मी त्याआधीच्या बुधवारी दुपारी वही घेऊन तिथे गेले. ज्याचं वाक्य, त्याच्याजवळ उभं राहून वाचून पाहावं, एवढाच विचार.

"चौथी ओळ, दुसरी. सुखदेव. निंबाचं मूळ लागलं. गोविंदानं कुऱ्हाडीनं तोडलं. दोन तास गेले."

मी चौथ्या ओळीत डावीकडून दुसऱ्या जागी उभी होते. पाटीवर सुखदेव लिहिलं होतं. आसपास निंब नव्हता. निंब ओळीच्या दुसऱ्या टोकाला होता, चांगला दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या सावलीत गोविंदाकाका तंबाखूचा खर्रा चोळत बसले होते. एके काळी खड्डे खणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आता ते तिथले चौकीदार. बाबांपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील.

"गोविंदाकाका, इथे आणखी एक निंब होता का?"

"कोठी?"

"इथे. या टोकाला."

"नाई वं पोरी. हाच एक. म्या आलो तवापासून हाच."

"मग सुखदेवच्या वेळी तुम्ही मूळ तोडलं ते कशाचं?"

"सुखदेवच्या?" त्यांनी खर्रा गालात सरकवला. "याचंच. हे पाह्य." बसल्या जागी त्यांनी टाच आपटली. "इथंच तं आहे तो. अगदी माह्या बुडाखाली नाई, जरा बाजूले. लय तरास देल्ला वं त्यानं, जित्यापणीबी आन मेल्यावरबी."

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी दाखवलेल्या चौकटीच्या पाटीवर दुसरंच नाव होतं. काकांना वाचता येत नाही. पाट्या लावल्या तेव्हा त्यांनी त्या सगळ्या पुसून चकचकीत ठेवल्या होत्या.

"काका, बाबा नंबर कसे टाकायचे?"

"कसे म्हंजे? एकाच्या पुढं एक."

"आणि ओळ संपली की?"

"संपली का तिथूनच वळायचं. दुसरी ओळ तिथूनच सुरू." त्यांनी हातानं हवेत रेघ ओढली, तिकडे गेली, टोकाला वळली आणि इकडे परत आली. "पुन्हा त्या टोकाले कोण जाईन? म्या एकडाव म्हणलं, भैयाजी, सरकारी काम आहे, पहिल्या टोकापासून घ्या. तं तुहा बाप म्हणते, गोविंदा, धोटा कधी रिकामा परत येते का?"

मी तिथेच एका चौकटीच्या विटेवर बसले.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कोठी?" ते म्हणाले. "तू तं वहीलेच इचारत होती."

लहानपणी बाबांच्या सुट्टीच्या दिवशी मी आजोबांच्या मागापाशी पायरीवर बसून मोजत असे. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. उजव्या हातानं सुताची नळी भरलेला धोटा फेकला, डाव्यानं झेलला, एक. डाव्यानं फेकला, उजव्यानं झेलला, दोन. धोटा जाताना सूत सोडतो आणि येतानाही सूत सोडतो. असंच कापड वाढतं, दुसऱ्या कुठल्या रीतीनं ते वाढतच नाही. मी शंभरपर्यंत मोजायला तिथे शिकले आणि मग शाळेत गेले. शाळेत शिकवतात की ओळ संपली की नजर उचलायची आणि पुन्हा डाव्या टोकाला न्यायची. पन्नास वर्षं मी तेच करत आले आहे. तो परतीचा प्रवास रिकामा असतो हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खात्री करायला मी सहाव्या ओळीपाशी गेले. "सहावी ओळ, पहिली. विहिरीच्या कठड्याजवळ, पावसात माती खचते." विहीर उजव्या टोकाला आहे. डाव्या टोकाला मोकळी कोरडी जमीन.

म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी बरोबर होत्या. दुसरी, चौथी, सहावी, आठवी, दहावी उलट्या. पाच ओळी, सत्तर माणसं, प्रत्येकाच्या उशाशी, पाटीवर नाहीतर खुंटीवर, दुसऱ्याचं नाव. वही बरोबर होती. मी ती चुकीची वाचली होती.

दुसऱ्या ओळीतली तिसरी जागा उजवीकडून तिसरी होती. सिंधूताईंनी चुन्याचे दगड लावले ती उजवीकडून बारावी. मी पान उलटलं. "दुसरी ओळ, बारावी. पुरुष, नाव माहीत नाही. पन्नाशीचा. बोलत नसे. सुताला हात चांगला."

अश्विन संध्याकाळी आला. मी सांगायला लागले तर त्याला आधी कळेना. मग मी काडीनं मातीत रेघ काढली, जाणारी, वळणारी, येणारी. तो उकिडवा बसून तिच्याकडे पाहत राहिला.

"यार," तो म्हणाला. मग, "मॅडम, रविवार चार दिवसांवर आहे."

"मला माहीत आहे."

"चौथीच्या पाट्या उद्या काढून घेतो. सहा, आठ, दहा अजून बसवायच्याच आहेत, त्या सरळ बसतील. दुसरीचं..." तो थांबला. "दुसऱ्या ओळीत कोणी येणारं असेल तर त्या एकट्याच आहेत. बाकी त्या ओळीत अजून कोणी आलेलं नाही."

आम्ही दोघंही त्या पांढऱ्या दगडांकडे पाहत होतो. शेवंती अजून होती, थोडी सुकलेली.

"एक बोलू?" अश्विन म्हणाला. "त्यांना जागा मिळाली, त्या खूश आहेत. वीस पावलांचा फरक. मी स्वतः होऊन चुकीची पाटी ठेवणार नाही. पण तुम्ही म्हणालात, तर दुसरी ओळ आहे तशी ठेवतो."

मी लगेच नाही म्हणाले असते तर इथे लिहायला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "विचार करते."

"मिस्त्री शनिवारी दुपारी येईल. तोपर्यंत सांगा."

गुरुवारी मी सिंधूताईंना फोन केला. सांगायचंच ठरवून केला. त्यांनी मला बोलू दिलं नाही. रविवारी गावातून टेम्पो करून येणार होत्या, बावीस माणसं, दोन्ही लेकी, जावई, भंतेजींना सांगितलं होतं. शनिवारी पौर्णिमा, तर त्या एकट्या येऊन मायला आधी सांगून जाणार होत्या. "एवढे लोक एकदम पाहून घाबरन ना ते," त्या म्हणाल्या. "लोकांची सवय नव्हती तिले." मग फोनमध्येच कोणावर तरी ओरडल्या, "अवं, गूळ त्या डब्यात नाई, वरच्या!" आणि मला म्हणाल्या, "तुमी बोलत होत्या काही?"

"नाही. शनिवारी भेटू म्हणत होते."

तीन रात्री मी नीट झोपले नाही असं म्हणणार नाही. झोपले. पण जाग आली की तेच पहिलं आठवायचं. त्या बाईनं सात महिने आईशी बोलून घेतलं होतं. सांगितलं तर ते सगळं तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार. आणि नाही सांगितलं, तर मुलीचं नाव घेत मेलेली जयवंता ओळीच्या त्या टोकाला, परक्याच्या नावाखाली, आणि मुलगी वीस पावलांवर बसलेली, दर महिन्याला, जिवंत असेपर्यंत. बाबांनी सत्तावीस वर्षं जे टाळायला एकेक ओळ लिहिली, ते मी घडवून ठेवणार.

शनिवारी मी दहालाच जाऊन बसले. सिंधूताई आल्या. हातात स्टीलचा डबा, पिशवीत मेणबत्त्या आणि फुलं. मला पाहून हसल्या. "या बसा, आज खीर आणली," म्हणाल्या आणि दगडांशी मांडी घालून बसल्या. फुलं ठेवली. काडेपेटी काढली.

"सिंधूताई, जरा थांबा."

त्यांनी वर पाहिलं.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबांनी बरोबर लिहिलं होतं, मी उलटं वाचलं. ही जागा जयवंताबाईंची नाही. त्या याच ओळीत आहेत, त्या टोकाकडून तिसऱ्या. निंबाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. बोलून झाल्यावर काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी वही पुढे धरली, जणू त्यांना ती वाचायची होती.

त्यांनी वही घेतली नाही. काडेपेटी हातातच होती.

"मंग हे कोण होय?" त्यांनी विचारलं.

"एक माणूस. नाव माहीत नाही."

"माणूस म्हंजे बाप्या?"

"हो."

त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बसल्या जागी वीतभर मागे सरकल्या. "मायवं! सात महिने म्या एका परक्या बाप्याजवळ बसून सुनेच्या चुगल्या करून राहिली?"

मागे उभ्या गोविंदाकाकांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. सिंधूताई हसल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या, आणि आता त्यांचा चेहरा वेगळा होता.

"तुमी लायब्ररीत होत्या म्हणे."

"हो."

"एवढी पुस्तकं वाचली म्हणे."

मी मान हलवली.

"वाचता येत नव्हतं तं तसं सांगा लागत होतं. आमी अडाणी माणसं, आमाले कोणी बोट दाखवलं का आमी बसतो तिथी. म्या तिले इथी खीर चारली. माह्या लेकीच्या लग्नाचा फोटो आणून दाखवला, इथी. ते तिकडं एकली, आन म्या इथी."

"मला वाचता आलं नाही," मी म्हणाले. बाबांचा प्रश्न माझ्या कानात होता, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला मला दहा महिने लागले होते. "बाबांनी विचारलं होतं मला, येईल का म्हणून. मी येईल म्हणाले."

सिंधूताईंनी माझ्याकडे पाहिलं. राग गेला नव्हता, पण त्या ऐकत होत्या.

"कवा गेले तुमचे बाबा?"

"मागच्या एप्रिलात."

त्यांनी डबा उचलला, पिशवी उचलली. "चला."

मी उजव्या टोकाकडे हात केला. "ती तिथे, निंबाच्या सरळ रेषेत जी..."

"नाई. आता बोट नोका दाखवू. मागच्या डावीबी बोटच दाखवलं होतं." त्या फाटकाच्या दिशेला वळल्या. "पहिल्यापासून चला. तुमचा बाप चालला तसे. एकेक नाव घेत. म्या मोजतो."

म्हणून आम्ही फाटकापाशी गेलो आणि पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला उभे राहिलो. मी वही उघडली. पहिली, दौलत. दुसरी, नाव माहीत नाही, स्त्री. तिसरी, मारोती. सिंधूताई बोटांची पेरं मोजत चालत होत्या, काका मागून. प्रत्येक पाटीपाशी त्या थांबत, मी नाव वाचलं की "हं" म्हणत आणि पुढे होत. नवव्या जागी यशोदा. टॉवेल उत्तम विणायची. "हे कोठची होय?" त्यांनी विचारलं. "गाव सांगत नसे," मी म्हणाले. "हं."

चौदाव्या जागी ओळ संपली. पाय सवयीनं परत डावीकडे निघाले होते. मी ते थांबवले. आम्ही एक पाऊल आत घेतलं आणि तिथूनच वळलो.

"इथून तिकडं," मागून काका म्हणाले. "बराबर."

दुसरी ओळ, पहिली. दुसरी. मी नावं वाचली. इथून पुढे पाटीवर एक नाव होतं आणि वहीत दुसरं. सिंधूताईंना पाटी वाचायची नव्हती. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"दुसरी ओळ, तिसरी. जयवंता. कुहीकडची. मुलीचं नाव घ्यायची."

साधी चौकट. विटा एका बाजूनं खचलेल्या, आत वाळकं गवत. सात महिन्यांत तिथे कोणी थांबलं नव्हतं. सिंधूताईंनी पिशवी खाली ठेवली. गवत उपटायला लागल्या, मूठमूठ, घाई न करता. मी वाकले तर म्हणाल्या, "राहू द्या, मले करू द्या." सगळं साफ झाल्यावर त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडून त्रिशरण म्हटलं. डोक्यावरचा पदर तेव्हा खाली घेतला. मग बसून राहिल्या. बोलेनात.

"सिंधूताई?"

"हिले तं काहीच ठाऊक नाई अजून," त्या म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून सांगा लागते."

मी वही मिटली आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन निंबाखाली बसले. इथून त्यांची पाठ दिसत होती. थोड्या वेळानं त्यांचं डोकं हळूहळू हलायला लागलं, बोलताना हलतं तसं.

मिस्त्री सांगितल्यापेक्षा लवकर आला. अश्विननं त्याला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यानं मला काही विचारलं नाही. छिन्नी-हातोडा घेऊन तो दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाला बसला आणि जयवंताबाईंची पाटी सावकाश सोडवून काढली. ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. मग पांढऱ्या दगडांकडे पाहून त्यानं हाक दिली, "बाई, हे गोटेबी तिकडं न्यायचे का?"

मी उठून उत्तर देणार होते. सिंधूताईंनी त्याआधीच, मान न वळवता, आवाज चढवला.

"राहू द्या तिथीच. फुलंबी राहू द्या. सात महिने ऐकलं त्यानं, हूं का चूं नाई केलं." मग थोडं थांबून, "आन त्या डब्यातली खीर त्याले थोडी जास्त वाढा. बाप्या माणूस आहे."